वरून दिसणारं तळं

पुढून

अकीकवाल्यांनी दगड चाटला.

भर सकाळी, स्वयंपाकघरात, चहाला आधण आलेलं असताना. मुठीएवढा दगड, अंगाने बटाट्यासारखा मातकट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. त्या टवक्यावरून त्यांनी जीभ फिरवली, खिडकीशी गेले आणि एक डोळा मिटून बघत राहिले.

"डब्यात बिस्किटं आहेत," बायको म्हणाली. "इतकी भूक लागली होती तर सांगायचं."

"अगं, नळ लांब होता."

"दोन पावलं."

"जीभ जवळ होती."

कोरडा अकीक मुका असतो. ओला झाला की तोंड उघडतो. दगड घासणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही, आणि दगड तोंडाला लावायची लाज या धंद्यात सगळ्यात आधी जाते. अकीकवाल्यांची तर ती जाऊन जमाना झाला होता. आत्ता त्या ओल्या टवक्यात त्यांना एक सरळ निळसर रेघ दिसत होती. तिच्याखाली तशीच दुसरी, तिच्याखाली आणखी. आडवं, निवांत पाणी. पाण्याच्या वर तपकिरी काठ, आणि काठावर काळ्या काड्याकाड्यांचं काहीतरी, कुणी बारीक कुंचल्याने झुडपं काढावीत तसं.

"सापडला," ते म्हणाले.

"कोण?"

"चिंगीचा दगड."

बायकोने गॅस बारीक केला. दोघांनीही एकदम छताकडे बघितलं. वरच्या खोलीतून आवाज नव्हता. गेले कित्येक दिवस नव्हता.

चिंगीचं वय वाढलं होतं, नाव तेवढं वाढायचं राहिलं होतं. तपासणीसाठी रक्त काढतात ना, ते काम ती शिकली होती. परीक्षा पहिल्या झटक्यात पास, दूरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी, राहायला खोली. चाकांची नवी बॅग ओढत टेचात गेली आणि आठवडा पुरा व्हायच्या आत तीच बॅग घेऊन दारात उभी राहिली. काय झालं विचारलं, तर "काही नाही." कुणी ओरडलं? "नाही." मग? "माझा हात थरथरतो. मला नाही जमणार." एवढं बोलून जी वर गेली, ती जेवणापुरती खाली उतरायची, ताटातलं इकडचं तिकडे करायची आणि परत वर.

तिथल्या मुख्य बाईंचा फोन येऊन गेला होता. भली बाई. म्हणाली, सोमवारपर्यंत मी जागा कुणाला देत नाही, पोरीला विचार करू द्या.

आज गुरुवार होता.

"सोमवारी ती गेली नाही ना," बायको आवाज खाली आणून म्हणाली, "तर मग कधीच कुठे जायची नाही. मी ओळखते तिला. जी सायकल तिने पडल्यावर उचलली नाही, ती शेवटी भंगारात गेली."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? पोर हातपाय गाळून बसलीय, आणि तुम्ही तिच्या गळ्यात धोंडा बांधणार?"

अकीकवाल्यांनी दगड शर्टाला पुसला. पुसल्याबरोबर तो पुन्हा बटाटा झाला.

"लहानसा," ते म्हणाले.

कडेने

अशा दगडात चित्र एकाच बाजूने असतं. पात्याखाली तो किंचित तिरपा धरला, तर पाण्याच्या सरळ रेघा फाकतात, काठ पसरतो आणि हाती लागतो तो नुसता रंगीत चिखल. कापल्यावर परत जोडता येत नाही. म्हणून अकीकवाले गुरुवारची दुपार नुसते दगड फिरवत बसले. भिजवायचा, फिरवायचा, ॲल्युमिनियमच्या तारेने रेघ मारायची, नाही म्हणायचं, पुसायची. कारखाना म्हणजे घराच्या मागची खोली: कापायचं यंत्र, घासायची चाकं, चमक आणायचं, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं चाक, आणि सगळ्यावर पिठासारखी दगडाची भुकटी. कापणं-घासणं त्यांचं, चमकवणं बायकोचं. लग्न झाल्यापासून ही वाटणी ठरलेली होती आणि भांडणंही त्याच हद्दीवर व्हायची.

शेवटी त्यांनी यंत्र सुरू केलं.

पातं फिरायला लागलं की काही ऐकू येत नाही, आणि काही बोललं तरी कुणाला कळत नाही. म्हणून अकीकवाल्यांचं महत्त्वाचं सगळं बोलणं पातं फिरत असतानाच व्हायचं. मनात. आजही झालं.

चिंगे, हे बघ, पहिल्यांदा सगळ्यांचंच—

चिंगे, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा—

चिंगे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय—

इथे त्यांनी स्वतःच मान झटकली. ही म्हण त्यांना त्यांच्या बापाने इतक्यांदा ऐकवली होती की तिचेच टवके उडाले होते. दगड घासणाऱ्याच्या पोरीला दगडाची म्हण ऐकवायची म्हणजे कोळ्याच्या पोराला मासा दाखवायचा.

चिंगे, नको जाऊस. राहा इथेच. लोक काय म्हणतील ते बघून घेऊ.

हे मात्र त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं, ते आपोआप आलं. पाण्याचे शिंतोडे चष्म्यावर उडत होते आणि अकीकवाले दगड सावकाश पुढे सरकवत होते आणि त्यांना कळत होतं, की आतापर्यंत मनात आलेल्यातलं हे एकच वाक्य खरं आहे. पोर घरात होती. जिन्यावर तिची पावलं वाजत होती. ती हरून आली होती आणि त्यांना बरं वाटत होतं. बाप म्हणवता ना, अकीकवाले?

पातं पार झालं. चकती पाण्यात पडली.

त्यांनी ती उचलून धुतली. तळं होतं. खाली एकावर एक निळे-पांढरे थर, वर काठ, काठावर काळी झुडपं, झुडपांवर धुक्यासारखं करडं आभाळ, आणि पाण्यात काठापासून जरा दूर तांबडा ठिपका. होडी. कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी तळाशी, केसासारखी एक चीर होती. ती काय, तळाशी होती. तिथे त्यांना काही करायचं नव्हतं.

मागून

शुक्रवारी अकीकवाल्यांनी चकतीला आकार दिला, खाली रुंद आणि वर निमुळता. मग हिऱ्याचं बारीक टोक लावून काठाच्या खालचं सगळं पाणी जरासं खोल कोरलं, काठ वर उठून यावा म्हणून. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी जमीन कुठे संपते ते कळत होतं. शनिवारी सकाळी निमुळत्या टोकाला, आभाळात, भोक पाडलं. भोक आधी, चमक नंतर: हा तिथला नियम होता. भोक पाडताना फुटला तर निदान बायकोची मेहनत तरी वाया जात नाही.

मग ते बायकोशेजारी स्टूल ओढून बसले. नमद्याचं चाक बसक्या आवाजात घुमत होतं, त्याच्याशेजारी बोलता यायचं.

"मागच्या बाजूला किती वेळ घालवतेयस? मागे कोण बघणार?"

"मागची बाजू बघायला नसते. ती अंगाला लागते. तुम्हाला नाही कळायचं." तिने चाकावर पांढऱ्या पावडरीचं पाणी शिंपडलं. "तिने सांगितलं मला काल."

"काय?"

"काय झालं ते. भांडी पुसताना. भांडी पुसताना माणूस खरं बोलतं, एकमेकांकडे बघावं लागत नाही ना."

"मग सांग की!"

"सांगतेच आहे. एक म्हातारे गृहस्थ आले. हाताची शीरच सापडेना. हिने सुई टोचली, नाही लागली. परत टोचली, नाही. तिसऱ्यांदा हिचा हात थरथरायला लागला."

"ओरडला म्हातारा?"

"तिथेच तर घोडं पेंड खातंय. ओरडला असता तर हिने दोन शब्द सुनावले असते. मुलगी कुणाची! तो ओरडलाच नाही. त्याने ती बाही खाली केली, दुसऱ्या हाताची वर केली आणि हात पुढे धरला. म्हणाला, घे बाळ, हा बघून बघ."

"मग?"

"मग हिला रडू फुटलं. सुई तबकात ठेवली, बाहेर आली, ती थेट बसमध्ये."

अकीकवाल्यांनी मांडीवरची भुकटी झटकली.

"चांगला माणूस," अकीकवाले म्हणाले.

"चांगल्या माणसानेच वाट लावली," बायको म्हणाली, आणि दगड उलटा करून पुढची बाजू चाकाला लावली.

पुन्हा पुढून

शनिवारी संध्याकाळी त्यांनी चिंगीला कारखान्यात बोलावलं. स्वयंपाकघरात बोलावलं असतं तर ती ताटासमोर बसल्यासारखी बसली असती.

ती आली. मोजे न घालता चपला, केस कसेही बांधलेले. अकीकवाल्यांनी काळ्या दोऱ्यात ओवलेला दगड पुढे केला, आणि मनात तयार केलेल्या भाषणातलं तोंडातून बाहेर आलं ते एवढंच: "हे घे. घाल."

तिने घातला. आईबाप दोघेही दोन पावलं मागे सरले आणि समोर उभे राहून बघायला लागले, नवं कपाट भिंतीला लावल्यावर बघतात तसे.

सुरेख होतं. अकीकवाले स्वतःच्या कामाला सहसा सुरेख म्हणत नसत; आधी खोट काढत, म्हणजे गिऱ्हाइकाला काढावी लागत नाही. पण यात दिसेल अशी खोट नव्हती. दिव्याखाली पाणी खरंच ओलं वाटत होतं. झुडपं काठावर ताठ उभी. होडी आपल्या जागी.

"नाकापेक्षा मोती जड नाही झाला," बायको म्हणाली, म्हणजे तिलाही आवडलं होतं.

चिंगीने मान खाली घातली. दगड दोन बोटांनी उचलून धरला. अंगठा पाण्यावरून काठावर गेला, काठावरून पाण्यात आला.

"छान आहे," ती म्हणाली.

नातेवाइकांनी विणलेल्या स्वेटरला माणूस म्हणतं तसं.

"पण?"

"पण काही नाही."

"बोल गं. दगडाला राग येत नाही."

"उलटं आहे," चिंगी म्हणाली.

अकीकवाले पुढे आले, वाकले, बघितलं. "उलटं कसं? काठ वर, पाणी खाली. सरळ आहे."

"तुम्हाला."

वरून

एका माणसाच्या मानेवरून दुसऱ्याला खाली बघता येत नाही. अकीकवाल्यांनी आधी प्रयत्न करून पाहिला. तिच्या मागे गेले, खांद्यावरून डोकावले, चष्मा तिच्या कानावर आपटला. "बाबा!" मग त्यांनी दोरा तिच्या गळ्यातून काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि मान खाली घातली.

पाणी वर होतं. झुडपं डोकं खाली करून लोंबत होती. होडी पालथी.

आयुष्यात किती दगड त्यांच्या हातून लोकांच्या गळ्यात गेले असतील! प्रत्येकाचं वर-खाली त्यांनी ठरवलं होतं. दगडाला स्वतःचं वर-खाली नसतंच; भोक पडतं तिथे वर. आणि प्रत्येक वेळी ते ठरवताना दगड समोर टेबलावर असायचा आणि ते त्याच्याकडे बघत असायचे. एकदाही, कधीही, एकही दगड त्यांनी स्वतःच्या गळ्यात घालून बघितला नव्हता. त्यांनी नाही, त्यांच्या बापाने नाही, गल्लीतल्या कुठल्याच घासणाऱ्याने नाही. सबंध धंदा समोर उभा राहिलेला होता. ज्याच्या गळ्यात घालायचं, त्याच्या जागी कुणी गेलंच नव्हतं.

"पण चिंगे, गळ्यातलं समोरच्यासाठी असतं," ते म्हणाले. अजून ते त्यांच्याच गळ्यात होतं. "घालणाऱ्याला कशाला दिसायला हवं? सगळे असंच करतात."

"माहितेय."

"मग?"

चिंगी पायरीवर बसली. "तिकडे माझ्या ओळखीचं कुणी नाहीये, बाबा. मला समोरून कोण बघणार? आणि आमची मान तर दिवसभर खालीच असते, लोकांच्या हातावर. जरा थांबले की मलाच दिसणार ते. आणि मला काय दिसणार, तर सगळं पाण्यात पडलेलं." ती जराशी हसली. "आधीच काही कमी पडलंय का?"

तिच्या आईने अकीकवाल्यांना कोपराने ढोसलं. गेल्या कित्येक दिवसांत पोर पहिल्यांदाच तिकडच्याबद्दल बोलत होती, आणि तिथे आपण असू अशा हिशोबाने बोलत होती.

"आण," अकीकवाले म्हणाले, आणि मग लक्षात आलं की आणायला ते कुणाकडे गेलेलंच नाही. त्यांनी दोरा डोक्यावरून काढला. "खालच्या टोकाला दुसरं भोक पाडू. तिथून ओवायचं. तुला सरळ दिसेल."

"चमक दिलेल्या दगडाला?" बायको म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना? टोक जरा घसरलं तर सबंध तोंडावर ओरखडा. आणि फुटला तर?"

"फुटला तर फुटला."

"खाली चीर आहे म्हणालात."

चिंगीने वर बघितलं. "चीर आहे?"

"केसाएवढी," अकीकवाले म्हणाले. "उद्या सकाळी उजेडात बघू."

आतून

रविवारी सकाळी उजेड चांगला होता. अकीकवाल्यांनी दगड पाण्यात बुडवला, काढला, फडक्याने पुसला आणि खिडकीत ठेवला.

"आता?" चिंगीने विचारलं.

"आता बघत राहा."

दगडाचं सगळं अंग सुकलं. एक रेघ सुकली नाही. पुसताना फडकं वरवर फिरतं, चिरेतलं पाणी आतच राहतं. म्हणून चीर नेहमी शेवटी सुकते आणि स्वतःचा पत्ता स्वतःच देते. खालच्या कडेपासून निघून ती तिरकी आत गेली होती. तिच्या उजव्या हाताला, चीर आणि कड यांच्या मध्ये, जेमतेम एका भोकापुरती निरोगी जागा होती. अकीकवाल्यांनी तारेने तिथे ठिपका दिला.

मग त्यांनी उथळ थाळीत लाकडी फळी ठेवली, फळीवर मेण लावून दगड चिकटवला, वर पाणी ओतलं, हिऱ्याचं टोक असलेलं हातयंत्र उचललं, ठिपक्यावर आणलं, आणि थांबले.

थांबलेच.

"काय झालं?" बायको म्हणाली.

काय झालं ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. हा दगड आत्ता फुटला तर पोर वर जाईल आणि उद्याची बस तिच्याशिवाय निघेल, हे त्यांना कळत होतं. आणि गुरुवारी पातं फिरत असताना जे मनात आलं होतं, तेही ते विसरले नव्हते. ज्या माणसाला मुलगी घरी राहिलेली आवडते, त्या माणसाच्या हातात हे यंत्र नको. मुद्दाम कोण करतो? पण हात कधीकधी धन्याच्या मनातलं ऐकतो.

"तू पाड," त्यांनी यंत्र चिंगीपुढे धरलं.

"मी? माझा हात थरथरतो म्हणून तर—"

"माझाही थरथरतो. हे बघ." त्यांनी टोक हवेत धरून नुसतं पाण्याला टेकवलं. पाण्यावर बारीक वलयं उठली आणि उठतच राहिली. "हवेत धरला तर कुणाचाही थरथरेल. करंगळी टेकवायची. फळीला. मग बाकीचा हात तिच्यावर विसंबतो."

"आम्हालाही हेच शिकवलंय."

"मग?"

"समोर माणूस असला की विसरायला होतं. तो बघत असतो."

"हा बघत नाही. आणि याला दुखतही नाही."

"पण फुटतो ना."

"फुटतो की. ती बादली बघ."

टेबलाखाली बादली होती, काठोकाठ दगडांनी भरलेली. चिंगी लहानपणी त्यातले रंगीत तुकडे घेऊन दुकान दुकान खेळायची. "ते सुटे तुकडे ना?"

"सुटे कसले? माझे फुटलेले आहेत सगळे."

"सगळे?"

"ही या वर्षीची," आई म्हणाली. "आधीच्या मी कुंड्यांत ओतल्या. या घरच्या कुंड्यांत माती कमी आणि तुझ्या बापाच्या चुका जास्त. झाडं मात्र बरी आलीत."

चिंगी बादलीकडे बघत राहिली. मग तिने स्टूल पुढे ओढलं.

करंगळी टेकवली.

टोक पाण्यात गेलं.

टेकव. दाब. उचल.

"जोर नको. दगड टोकाने कापू दे, तू नको कापूस."

टेकव. दाब. उचल. पांढरं दूध वर आलं, दगडाचं. पाण्यात पसरलं.

"उचललं नाहीस की आत पाणी जात नाही, तापतो. तापला की—"

"कळलं, बाबा."

टेकव. दाब. उचल. काही दिसत नाही आता, सगळं दूध. टेकव. दाब. करंगळी पांढरी पडलीय इतकी टेकवलीय. उचल. बाबा श्वास घेत नाहीयेत. आई दाराला टेकून उभी आहे आणि तिच्या हातात फडकं आहे आणि त्या फडक्याने ती दार पुसतेय. टेकव. दाब. दाब. दा—

"बस. अर्धं झालं. आता उलटा कर."

दोन्ही बाजूंनी पाडायचं असतं, मध्ये भेटवायचं. एकाच बाजूने पार नेलं तर पलीकडे निघताना टोक मोठा पापुद्रा घेऊन निघतं. अकीकवाल्यांनी दगड सोडवला, उलटला, परत चिकटवला. बायकोने एवढा वेळ घालवलेली मागची बाजू वर आली. पाणी बदललं.

टेकव. दाब. उचल.

टेकव.

मध्येच चिंगी बोलायला लागली. हात न थांबवता, मान वर न करता. "त्यांनी दुसरा हात पुढे केला ना, बाबा. त्या आजोबांनी. मी घ्यायला हवा होता. त्यांनी दिला होता आणि मी घेतला नाही." दाब. उचल. "ते बसले असतील तसेच बाही वर करून."

"असतील," अकीकवाले म्हणाले.

टेकव. दाब—

कट्.

लहानसाच आवाज होता. पण त्या खोलीतल्या तिघांनाही तो आवाज चांगला ओळखीचा होता. चिंगीने यंत्र बाजूला ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "गेला."

"धू आधी," अकीकवाले म्हणाले.

"फुटला, बाबा."

"धुतल्याशिवाय कुणी मेलं म्हणत नाही. धू."

तिने धुतला. उजेडात धरला. भोकातून खिडकी दिसली: आरपार, गोल. चीर होती तिथेच होती, केसाएवढीच. फक्त मागच्या बाजूला, भोकाच्या तोंडाशी, नखाच्या कोरीएवढा टवका उडाला होता.

अकीकवाल्यांनी तो जवळ घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं. मग जरा जाड टोक लावलं आणि भोकाच्या तोंडाला सगळीकडून थोडी उतरण दिली, विहिरीच्या काठाला असते तशी. टवका त्या उतरणीत गेला. दुसऱ्या बाजूलाही तशीच दिली, म्हणजे जोडी जमली.

"एवढंच?" चिंगी म्हणाली.

"एवढंच. माझे निम्मे असेच निघतात."

"मग ही बादली?"

"ती उरलेल्या निम्म्यांची."

आधी आई हसली. मग चिंगी. मग दोघी जोरात, आणि अकीकवाले दोघींकडे आळीपाळीने बघत विचारत राहिले, अगं पण हसण्यासारखं काय आहे?

दोरा चिंगीनेच ओवला, खालच्या भोकातून. वरचं मोकळं राहिलं. आई म्हणाली त्यात एखादा मणी अडकवू, बरा दिसेल. चिंगी म्हणाली नको. तिने गळ्यात घातलं, मान खाली घातली. बराच वेळ ती मान वर झाली नाही.

"आता कसं?" अकीकवाल्यांनी विचारलं.

"ती होडी आहे का, तो तांबडा ठिपका?"

"हो. तुला काय वाटलं?"

"मला काल कुणीतरी बुडतंय असं वाटलं होतं," चिंगी म्हणाली, आणि बॅग कुठे ठेवलीस गं आई, असं विचारत जिना चढून गेली.

काचेतून

सोमवारी बस अर्धी रिकामी होती. चिंगी खिडकीशी बसली. खिडकी उघडेना, म्हणून काच मध्ये राहिली आणि शेवटच्या सूचना आईला ओरडून द्याव्या लागल्या. पोचलीस की फोन कर. मुख्य बाईंना नमस्कार सांग. मोजे घाल.

अकीकवाले काही ओरडले नाहीत. ते दगडाकडे बघत होते. त्यांच्या बाजूने सगळं पालथं होतं: पाणी वर, काठ खाली, झुडपं डोक्यावर उभी, आणि सगळ्यांत खाली आभाळात एक रिकामं भोक. गल्लीतल्या कुठल्याही घासणाऱ्याने बघितलं असतं तर म्हणाला असता, कुणा शिकाऊ माणसाने केलंय हे? त्यांचा हात एकदा आपोआप उठला, सरळ करायला. मध्ये काच होती.

चिंगीच्या शेजारी एक बाई येऊन बसली. जाडजूड, मांडीवर पिशवी. तिचंही लक्ष दगडाकडे गेलं. तिने मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, मग काहीतरी विचारलं.

चिंगी सांगायला लागली.

"काय सांगतेय हो ती?" बायको म्हणाली.

"ऐकू कुठे येतंय?"

पण दिसत होतं. चिंगीने दोरा पुढे ओढून दगड त्या बाईला वरून दाखवला. बाईने "अगं बाई" म्हटल्यासारखा चेहरा केला. मग चिंगीने समोरच्या सीटच्या पाठीवर करंगळी टेकवली, बाकीची बोटं उचलली, आणि हवेतलं यंत्र खाली आणलं. टेकव, दाब, उचल. बाईनेही आपली करंगळी टेकवून बघितली. काहीतरी बोलली, दोघी हसल्या. चिंगीने बाईचा हात सरळ आपल्या मांडीवर ओढून घेतला, बाही वर केली आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने चाचपायला लागली, मान खाली, अगदी लक्ष लावून.

बस हलली. वळणावर गेली. हात हलवायचा राहून गेला.

"विसरली बघा," बायको डोळ्याला पदर लावत म्हणाली. "आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही कार्टीने."

"विसरली," अकीकवाले म्हणाले. आणि हीच गोष्ट त्यांनी घरी पोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या दोघातिघांना, पेढे वाटावेत तशा चेहऱ्याने, थांबवून थांबवून सांगितली.